सासूबाई नावाची फाईल

आमच्या घरात माणसं चार होती आणि नावं आठ. वडिलांना मी भाऊ म्हणायचे, पण सगळ्या जामखेडला ते गुरुजी. आई माहेरची कमल, सासरची विजया. मी शाळेच्या हजेरीत वंदना आणि घरात वंदी. रागावल्यावर 'कार्टे', पण ते नावात धरत नाही. चौथं माणूस म्हणजे आत्या, भाऊंची धाकटी बहीण. जन्माने इंदू. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सुलोचना' असं गिरवलं आणि पेढे वाटले. आमच्यात ती रीतच होती. सकाळी मांडवात गेली ती इंदू, संध्याकाळी वरातीत निघाली ती सुलोचना. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आणि वाटलं तरी मुलीला विचारतो कोण?

सात वर्षांनी आत्या एक ट्रंक घेऊन परत आली. नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता. तेही सोसलं असतं, असं ती म्हणायची, पण त्या दुसऱ्या बाईचं नावसुद्धा त्यांनी सुलोचनाच ठेवलं. "दारावरची पाटी वाया जायला नको म्हणून असेल," असं सांगून आत्या पदर तोंडाला लावून हसायची. लहानपणी मला त्यातला विनोदच तेवढा कळायचा. भाऊ तिला पुन्हा इंदू म्हणू लागले. पण रेशनकार्डावर ती सुलोचना होती, म्हणून टायपिंगची परीक्षा तिने त्याच नावाने दिली आणि तालुक्यात पहिली आली. गावात तिला निम्मे लोक एका नावाने हाक मारत, निम्मे दुसऱ्या. ती दोन्हीला 'ओ' द्यायची.

हायस्कूलच्या मागे आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, त्यावर भाऊंचं संस्कृत रूपं घोकणं, आणि या दोन्हींच्या मधे आत्याची बोटं. तिची बोटं कधी रिकामी नसत. कुणी बोलत असलं की ती मांडीवर ते टाइप करायची. भांडणातही. आई एकदा चिडून म्हणाली, "वन्सं, माझं बोलणं लिहून घेताय की काय?" तर आत्या शांतपणे म्हणाली, "हो, दोन चुका झाल्यात." दुसरी तिची खोड म्हणजे दिसेल त्या वस्तूचं बारसं करायचं. फसफसणारा स्टोव्ह दुर्वास, जाड बुडाचा तवा गंगूबाई, भाऊंची सायकल रखमाजी. रविवारी शेंगोळे असायचे. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वेटोळी लसणाच्या तिखट रश्शात रटरटायला लागली की ती पातेल्यात डोकावून त्यांनाही नावं द्यायची, आणि "हा बंड्या बघ कसा वर वर येतोय" म्हणत बंड्याला माझ्या ताटात वाढायची. आता माझी साठी जवळ आली, पण शेंगोळे खाताना मी अजून एखाद्याला नाव देऊन बघते. घरचे बघत नसले तरच.

बारावीनंतर मी नगरला राहून कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स केला. (जिल्ह्याचं नाव आता बदललंय, एसटीच्या पाट्याही बदलल्या, माझी जीभ मात्र 'नगरला जाऊन येते' असंच म्हणते.) परत आले ती डोक्यात वारं भरूनच. गावाबाहेर कोरडवाहू ज्वारीचं एक संशोधन केंद्र होतं, त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथे नुकतंच युनिक्सचं एक मशीन आणि त्याला जोडलेले चार पडदे आले होते. खोलीला एसी, दाराशी चपला काढायच्या, आणि आत शिंकायचीसुद्धा चोरी. आत्या तिथे तीन वर्षांपासून रोजंदारीवर टायपिस्ट होती. आता ज्वारीच्या नोंदी टाइपरायटरऐवजी मशीनवर चढवायची. आणि मशीन सांभाळायला नेमली कोणाला, तर मला. एकविसाव्या वर्षी मी आत्याची साहेब झाले. ऑफिसात ती मला मॅडम म्हणायची, सगळ्यांदेखत, अगदी गोड आवाजात. घराचा उंबरा ओलांडला की, "कार्टे, पाय धू आधी."

मशीनचं मर्म मी तिला एका दुपारी डबा खाताना सांगितलं होतं. फाईलला खरं तर नाव नसतंच. तिला असतो नंबर, त्याला आयनोड म्हणतात. मजकूर डिस्कवर कुठे आहे, किती आहे, मालक कोण, हे सगळं त्या नंबरापाशी. नाव असतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे भाऊंच्या हजेरीपटासारखी नुसती यादी, इकडे नाव, तिकडे नंबर. त्यामुळे एकाच नंबराला दोन डिरेक्टऱ्यांत दोन नावं देता येतात. नक्कल नव्हे हं, फाईल एकच, जागाही एकाच फाईलची. यातलं एक खरं नाव आणि एक खोटं, असंही नाही, दोन्ही सारखीच खरी. एक खोडलं तर मशीन बघतं की या नंबराला अजून कुणी हाक मारणारं उरलंय का. उरलं असेल तर फाईलला हात लावत नाही. शेवटचं नाव गेलं की मगच जागा मोकळी करतं. आत्याचा घास हातातच राहिला. मांडीवरची बोटंसुद्धा थांबली. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. "कुणी शोधलं गं हे?" म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवाच उद्योग सुरू केला. ऑफिसच्या फायलींची नावं म्हणजे अक्षरांचा-आकड्यांचा नुसता भुगा. तिला ती काही केल्या लक्षात राहीनात. म्हणून आधी झालेल्या आणि नव्या, प्रत्येक फाईलला ती आपल्या डिरेक्टरीत दुसरं नाव जोडायची. इंग्रजी अक्षरांत, पण नावं सगळी घरची. हट्टी प्लॉटची फाईल थोरलीवहिनी, कणसं भरत नव्हती ती रुसकीमावशी, सरळसोट आकड्यांची भाऊ. आणि एक फाईल होती, तिच्यात दरवेळी काहीतरी चूक निघायचीच, तिचं नाव सासूबाई. शंभरावर फायलींची बारशी झाली. मी कपाळाला हात लावायचे. केंद्राचं काम बघायला एक मोठी समिती येणार असं ठरलं, तेव्हा तर मी बजावलंच, "आत्या, हा पोरखेळ काढून टाक. त्यांच्यासमोर पडद्यावर सासूबाई निघाली तर काय तोंड दाखवू?" "हो मॅडम," आत्या म्हणाली.

त्या समितीवर आत्याचं सगळं अवलंबून होतं. तीन वर्षांच्या ज्वारीच्या नोंदी धडपणे चढवल्यात असं समितीला दिसलं, तर तिला कायम करायची शिफारस होणार होती. वयाची अट तिच्या उशाशी येऊन बसली होती. ही संधी गेली की संपलं, पुन्हा भावाच्या घरी पानं वाढायची. भाऊ तसं कधी बोलले नसते, आईही नाही. पण पाहुणे आले की आत्या सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि तेही स्वयंपाकघरात. पगार सुरू झाला त्या महिन्यापासून ती बाहेरच्या खोलीत पंगतीला बसायला लागली होती. ते मी पाहिलं होतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. टाळून चालणार नाही.

केंद्रात दोन साहेब होते. ज्वारीचे पाटणकर आणि आकडेवारीचे गुंजाळ. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं नातं. ज्वारीच्या नोंदींची डिरेक्टरी पाटणकरांच्या घरात होती, म्हणजे त्यांच्या डिरेक्टरीच्या पोटात. गुंजाळांना ती आपल्याही घरात हवी होती. दुसऱ्याच्या घरात जाऊन आकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. नक्कल करावी तर डिस्क एवढीशी, जागाच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला वाटलं, फाईलला दोन नावं चालतात ना, मग डिरेक्टरीला का नाही? साध्या आज्ञेने करून पाहिलं, मशीनने नकार दिला. मग मी मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात मिळाली एक आज्ञा, फक्त रूटसाठी, म्हणजे ज्याच्या हातात मशीनचा सर्वाधिकार त्याच्यासाठी. रूटचा पासवर्ड माझ्यापाशी. झालं, मर्कटाच्या हाती कोलीत!

डिरेक्टरीला दुसरं नाव का देऊ नये, ते त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही. प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी जन्मापासून असतात. एक टिंब म्हणजे 'मी स्वतः'. दोन टिंबं म्हणजे 'माझं वरचं घर'. आणि वरचं घर एकच असतं, दोन टिंबांना दुसरं ठाऊकच नसतं. वरच्या घरातलं नाव एक आणि आतलं टिंब एक, म्हणून साध्या डिरेक्टरीला हाक मारणाऱ्यांची मोजणी दोन. पोटात उपडिरेक्टरी आली की एकेकाने वाढते, कारण दर लेकरू आपल्या दोन टिंबांनी तिलाच हाक मारतं. आमच्या ज्वारीच्या पोटात एकही लेकरू नव्हतं आणि माझ्या करामतीनंतर मोजणी तीन झाली. मी ते बघून खूश! आताच्या मशिनी असलं काही करूच देत नाहीत. परवा मुलाच्या लॅपटॉपवर रूट होऊन मुद्दाम सांगून पाहिलं; ठाम नकार आला. चार वेड्या वंद्या जगात सगळीकडेच झाल्या असणार, त्याशिवाय का दार असं पक्कं लावलं?

पहिले आठ दिवस मी तोऱ्यात होते. दोन्ही साहेबांच्या घरात ज्वारी. फक्त एक गंमत व्हायची. गुंजाळ आपल्या घरातून ज्वारीत शिरत, काम झालं की एक पायरी वर जायची आज्ञा देत, आणि निघत ते थेट पाटणकरांच्या घरात. ज्वारीच्या दोन टिंबांना ते एकच घर माहीत होतं ना! गुंजाळ तांबडेलाल. "मी शिरलो माझ्या दारातून, आणि बाहेर पडतो या माणसाच्या ओसरीवर? हे मुद्दाम केलंय!" एसीच्या खोलीबाहेर चपलांची राखण करणारे शिपाई बबनराव दारातून डोकावून म्हणाले, "सायेब, आमच्या मेव्हन्याकडं बी आसंच हाय. जायाचं परसातनं, आन् निघायचं सासऱ्याच्या म्होरं." मी तोंडात रुमाल कोंबला.

समिती सोमवारी येणार होती. शुक्रवारी सकाळी गुंजाळ तणतणत आले, "काढून टाका ती ज्वारी माझ्या घरातून. समितीसमोर मला तो भोवरा नको." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? दोन नावं आहेत, एक काढायचं. मोजणी तीनाची दोन होईल, पाटणकरांची ज्वारी जागच्या जागी. साध्या आज्ञेने मशीन काढेना, ही डिरेक्टरी आहे म्हणालं. मग मी डिरेक्टरी मुळासकट काढायची आज्ञा दिली. रूट होते मी, मला कोण अडवणार? डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतोय, लुकलुकतोय... एक नाव खोडायला इतका वेळ? तेव्हा कुठे मी पुस्तकात ती आज्ञा नीट वाचली. ती आज्ञा नुसतं दारावरचं नाव पुसत नाही. ती आधी आत शिरते, आतलं एकेक पुसते आणि मग दाराशी येते. दारं दोन केली तरी खोली एकच होती. मी पाटणकरांच्या दाराने आत जाऊन पाहिलं. एक फाईल नाही. तीन वर्षं, सगळी.

नकला ठेवायचं टेपचं यंत्र महिनाभर पुण्याला दुरुस्तीला गेलेलं. शेतातल्या नोंदवह्या होत्या, पण त्या पुन्हा टाइप करायला वर्ष लागलं असतं. नोकरी माझी गेली असती तर गेली असती, मी तरणीताठी होते. पण समिती विचारणार, सुलोचनाबाईंनी तीन वर्षांत काय केलं? आणि पडद्यावर रिकामी खोली. मी आत्याचं ताट पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं.

आणि मग एकदम आठवलं. थोरलीवहिनी! रुसकीमावशी! मी धावतच तिच्या पडद्यापाशी गेले. आत्या चहाची बशी फुंकत होती.

"आत्या, तुझ्या त्या नावांचं काय केलंस?"

तिने माझा चेहरा पाहिला, बशी खाली ठेवली आणि घाईघाईने म्हणाली, "काढली गं. तू सांगितलंस त्याच दिवशी. सगळी काढली."

मी जमिनीवरच बसले. ऑफिसात, सगळ्यांदेखत, भोकाड पसरून रडायला लागले. "अगं, झालं काय?" करत आत्या खाली बसली. हुंदक्या-हुंदक्यांत मी सगळं सांगितलं. बबनराव दारातूनच म्हणाले, "आरारा! म्हंजी तीन वर्साचं पीक सपाट?" आत्याची बोटं मांडीवर जोरजोरात चालायला लागली. मग थांबली.

"वंदे," ती कानाशी येऊन म्हणाली, "मी खोटं बोलले. नाही काढली. काढायला दोनदा बसले होते, पण जीव होईना. तू ओरडशील म्हणून..."

मी तिला अशी मिठी मारली की तिचा चष्मा उडाला. खरं तर तिने मला रागवायला हवं होतं, आणि तीच अपराध्यासारखं बघत होती. आज पस्तीस-छत्तीस वर्षं मी मशिनींच्या पोटात हात घालून भाकरी खातेय, पण पडद्यावर त्या दिवशी ओळीने उतरलेली नावं पाहून झाला तेवढा आनंद मला पुन्हा झालेला नाही. थोरलीवहिनी होती. मावशी होती, भाऊ होता, सासूबाई तर ठणठणीत होत्या. मी पाटणकरांच्या यादीतून त्यांचं एकेक नाव पुसलं होतं. मशीनने दर वेळी मोजलं होतं, अजून हाक मारणारं कुणी आहे, आणि फाईल तशीच ठेवली होती. दोनाची मोजणी एक झाली होती, बस.

शुक्रवारची उरलेली दुपार आणि शनिवार आम्ही दोघी उलटी बारशी करत बसलो. प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत प्लॉटचा नंबर होता, त्यावरून तिला ऑफिसचं नाव परत जोडायचं. मोडकी डिरेक्टरी नीट करायला नगरहून एक इंजिनिअर आला, पुस्तकाचं ते पुढचं पान उघडून त्याने माझ्यासमोर ठेवलं आणि चहा प्यायला. पाटणकरांना मी स्वतःच सगळं सांगितलं. ते पाच मिनिटं ओरडले, आणि मग त्यांनी रूटचा पासवर्ड माझ्याकडून काढून घेऊन आत्याला दिला. घरी भाऊ एवढंच म्हणाले, "पुढचं पान वाचत जावं, वंदना." पूर्ण नावाने. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी समिती आली. छापलेला अहवाल समोर ठेवला, आणि मी पाहिलं तर एका पानाच्या माथ्यावर मशीनने आपणहून छापलेलं नाव: सासूबाई. शंभरांतली ती एकच आमच्या हातून सुटली होती. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे सासूबाई कोणतं वाण?" मी डोळेच मिटले. आत्या उभी राहिली. "साहेब, पाणी कमी लागतं, वाऱ्याला वाकत नाही, पण कणसात दाणा कमी." अध्यक्षांनी आकडे पाहिले. आकडेही नेमकं तेच सांगत होते. "बाई, तुम्हाला तुमच्या नोंदी तोंडपाठ आहेत," ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. बबनराव पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते, तो सगळा थरथरत होता.

पावसाळा सरता सरता ऑर्डर आली. हेडक्लार्क सर्व्हिस बुक भरायला बसले. मी शेजारी, आत्या समोर, नवी इस्त्रीची साडी नेसून. शाळेच्या दाखल्यावर इंदू, टायपिंगच्या सर्टिफिकेटावर सुलोचना. हेडक्लार्कांनी पेनाचं टोपण काढलं, दोन्ही कागद पुढे-मागे केले आणि वैतागून म्हणाले, "बाई, यातलं तुमचं खरं नाव कोणतं ते एकदा सांगा. दुसऱ्यावर काट मारतो."

आत्याने मांडीवरची बोटं थांबवली.

"काट मारू नका," ती म्हणाली. "दोन्ही लिहा. एक माझ्या आईने दिलंय, दुसरं मी परीक्षा देऊन कमावलंय. उद्या कुणी एक पुसलं, तरी मी राहते."